वेल्को मिस्त्रीने भिंतीत घातलेली सावली

शिनाकाकूचा फोन आला तेव्हा नेदेल्का बाल्कनीत मिरच्या भाजत होती. शरद आला की प्लोव्दिव शहरातल्या प्रत्येक बाल्कनीतून हाच वास येतो. हात सालांनी माखलेले होते, म्हणून तिने कोपराने फोन उघडला.

"अगं, तुझ्या आईला येऊन घेऊन जा," काकूने रामराम न घालताच सुरुवात केली. "मागची भिंत दिवस भरलेल्या बाईसारखी पोट काढून उभी आहे. एक चांगलं बर्फ पडू दे, की गेली. भिंतही आणि भिंतीखाली तुझी आई स्तोइनाही."

"काकू, मी गेल्या वर्षी आले होते. नाही म्हणाली."

"मग या वेळी उचलून ने. आणि हे बघ..." काकूचा आवाज खाली आला. "कुंपणावरून दिसतं मला. घरात एकटी बाई, आणि वाढते दोन ताटल्या."

नेदेल्काने गॅस बंद केला. अर्ध्या मिरच्या कच्च्याच राहिल्या.

ती तशी सरळ बाई. कपड्याच्या कारखान्यात कापणीच्या टेबलावर उभं आयुष्य काढलेलं. कोटाचं कापड एकावर एक रचून खडूने रेघ मारायची आणि कात्री चालवायची, चूक म्हणून माहीत नाही. सोबतिणी तिला 'उकडलेलं अंडं' म्हणायच्या, कारण ती कधी सांडायची नाही. रागावली नाही, रडली नाही, कुणाच्या लग्नात नाचता नाचता चपला हरवल्या असंही झालं नाही. नवरा पेत्को भला माणूस होता, पण तोही कधी कधी वैतागायचा. "एकदा तरी भांड गं माझ्याशी! एखादी ताटली फोड!" एकदा तर त्याने बाजारातून मुद्दाम फोडायला म्हणून एक स्वस्तातली ताटली आणून दिली. नेदेल्काने ती धुतली, पुसली आणि फडताळात लावून ठेवली. पेत्को गेला त्या दिवशी सगळ्या बायका धाय मोकलून रडत होत्या आणि ही आलेल्यांना रिवाजाचे उकडलेले गहू वाढत होती. मनात दुःख नव्हतं असं नाही. ते होतं, पण शेजारच्या घरात कुणी रडत असावं तसं.

आठ वर्षांची असताना तिला मोठा ताप आला होता. तापातच मार्गामावशीने तिला घोंगडीत गुंडाळून डोंगरावरून शहरात आणलं, आणि मग ती इथेच राहिली, इथेच शिकली, इथेच लग्न झालं. आई एकदाही खाली आली नाही. लग्नालासुद्धा लोकरीचे मोजे आणि मधाची बरणी पाठवली. नेदेल्का सणाला गावी जायची तेव्हा आई तिला अंगणातल्या बाकावर बसवायची, भरपूर खायला घालायची आणि संध्याकाळच्या बसने परत पाठवायची. घराच्या वरच्या मजल्यावर नेदेल्का त्या तापानंतर चढलेलीच नव्हती. काही आया अशाच असतात, असं तिने धरून चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिनाकाकूचा भाचा कोल्यो आपली गाडी घेऊन आला. बटाटे वाहायची गाडी, मागे अजून माती होती.

"ताई, दोर घेतलाय मी," तो म्हणाला. "स्तोइनाकाकू सरळ नाही आली तर बांधून नेऊ. गेल्या महिन्यात मी तिला लाकडं द्यायला गेलो, तर माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. का? तर म्हणे, मोठ्याने बोललास."

"मोठ्याने बोललास म्हणून?"

"वर कुणी झोपलंय म्हणे." कोल्यो हसला, पण लगेच रस्त्याकडे बघायला लागला. "म्हातारपण, ताई. माझी आजी शेवटी शेवटी शेळीला 'जावईबापू' म्हणायची."

आईचं घर डोंगराला पाठ लावून उभं होतं. खाली दगडी गोठा, वर लाकडी सज्जा, छपरावर पातळ दगडी लाद्या. नेदेल्काने आधी मागे जाऊन भिंत पाहिली. शिनाकाकूने कमीच सांगितलं होतं. कोपऱ्यातले दगड हातभर बाहेर आले होते आणि मधे एवढी फट पडली होती की मूठ आत जाईल. कोल्यो फटीपाशी वाकला आणि झटकन मागे सरला.

"आतून ऊब येतेय," तो म्हणाला. "गोठ्यात गुरं असल्यासारखी." मग त्याला आठवलं की गाडीचं पाणी बघायचंय, आणि तो रस्त्याकडे निघून गेला.

आई दारातच उभी होती. वाळकी, ताठ, डोक्याला काळा रुमाल. "आलीस? बस बाकावर. पातातनिक टाकते." पातातनिक म्हणजे किसलेल्या बटाट्याची जाड पोळी, चीज आणि पुदिना घातलेली. आईच्या हातची असली तर माणूस भांडण विसरतो.

"आई, खायला नाही आले. तुला घेऊन जायला आलेय. कपडे भर."

"हळू बोल."

"कशासाठी हळू? घरात आहे कोण?"

 तेवढ्यात वरच्या मजल्यावर कुणीतरी पळालं. अनवाणी, टाचा आपटत, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. आणि वरून हाक आली, "आऽई! कोण आलंय?"

नेदेल्काच्या हातातली पिशवी खाली पडली. समोरचा दात पडल्यावर शब्दांतून वारा निसटतो तसा तो आवाज होता. तो आवाज तिला ठाऊक होता. मावशीकडे एक जुनी ध्वनिफीत होती, शाळेतल्या कवितेची, आणि त्या फितीत ती स्वतः अशीच बोलायची.

"कुणी नाही गं," आईने जिन्याकडे तोंड करून सांगितलं. आणि काय तो स्वर! नेदेल्काने आईला जन्मात इतक्या मऊ आवाजात बोलताना ऐकलं नव्हतं. "पाहुणी आहे. आत्ता जाईल."

नेदेल्का आईला बाजूला सारून जिना चढली. आईने तिचा दंड धरला, पण म्हातारीची पकड ती केवढी.

वरची खोली उन्हाने भरलेली होती. खिडकीत लहानसा पलंग, त्यावर कालपरवा धुतलेली चादर, उशाशी ताटलीत मध लावलेला पावाचा तुकडा. आणि मागच्या भिंतीच्या कोपऱ्यात, भिंतीला पाठ घट्ट टेकून, एक पोर उभी होती.

आधी नेदेल्काला फक्त पाय दिसले. धुळीचे, गुडघ्यावर खपली धरलेले. मग निळा झगा. त्या झग्याची लेस नेदेल्काने स्वतः दातांनी कुरतडली होती, ती कुरतडलेली जागासुद्धा तिथेच. मग हनुवटी, गाल, डोळे. सगळं तिचंच. पण कपाळ संपत नव्हतं. कपाळावर केस नव्हते, डोकं तसंच वर गेलं होतं, हंड्यासारखं फुगलेलं, शेंड्याला गाठ मारल्यासारखं, आणि हे सगळं एकाच कातडीचं, मधे कुठे सांधा नाही. ऊन त्या पोरीवर पडत होतं, पण तिच्या अंगावर उजेड लागत नव्हता.

नेदेल्काला ओरडायचं होतं. पण ओरडायचं कसं, हेच तिला माहीत नव्हतं.

पोरीने तिला खालून वर न्याहाळलं आणि नाक मुरडलं. "ही कोण म्हातारी? आई गं, बघ ना! हिने माझे हात लावलेत!"

नेदेल्काने स्वतःचे हात पाठीमागे लपवले. का लपवले, तिलाही कळलं नाही.

"आईला न्यायला आलीय ना ही? मी ऐकलं सगळं. मी नाही देणार!" पोरीने पलंगावरची ताटली उचलली आणि जमिनीवर फेकली. ताटलीचे तुकडे नेदेल्काच्या पायाशी आले. पोर वळली, भिंतीला तोंड लावून हुंदके देऊ लागली, आणि त्यासरशी भिंतीतले दगड एकमेकांवर करकरले. छपरातून धूळ गळली.

आई धापा टाकत वर आली होती. ती थेट कोपऱ्यात गेली, त्या लांबोडक्या डोक्यावरून हात फिरवला. "उगी. उगी गं माझं पिल्लू. कुठे जाते मी? जाते का कधी?" दगड थांबले. मग ती वळून नेदेल्काला म्हणाली, "बघितलंस ना? आता खाली चल. सांगते."

खाली चुलीपाशी बसून आईने सांगितलं. हात चालूच होते, बटाटे किसत होती. बहुधा त्याशिवाय तिला बोलताच आलं नसतं.

बाबा, म्हणजे केव्हाच वारलेला वेल्को मिस्त्री, हे घर स्वतः बांधत होता. बाकी घर झालं होतं, फक्त डोंगराकडचा कोपरा दिवसा उभा राहायचा आणि सकाळी पडलेला असायचा. आमच्या डोंगरात जुने मिस्त्री अशा वेळी काय करत, हे सगळ्यांना ठाऊक आहे. वाटेने जाणाऱ्याच्या सावलीचं माप दोऱ्याने घ्यायचं आणि तो दोरा भिंतीच्या पायात चिणायचा. सावलीचा धनी चाळीस दिवसांत मरतो, आणि मग तोच त्या भिंतीला आतून धरून ठेवतो. माप घेताना मिस्त्रीने मान वर करायची नाही. धन्याचं तोंड दिसलं की दोरा धरत नाही.

"त्या दिवशी भांडी विकणारा फेरीवाला यायचा होता," आई म्हणाली. "परका माणूस, ना ओळख ना देख. तुझ्या बापाने देवाची माफी मागितली आणि लाल दोरा घेऊन कोपऱ्याआड बसला. सकाळचं ऊन. कोपऱ्यावरून सावली आली. लांब, चांगली पुरुषभर. याने मान खाली घालून माप घेतलं, दोरा फटीत सारला, वर गारा थापला, दगड बसवला. आणि मग त्याला ऐकू आलं, 'बाबा, जेवण आणलंय.'"

नेदेल्काने मागच्या भिंतीकडे पाहिलं.

"मीच पाठवलं होतं तुला. डोक्यावर हंडी, हंडीवर रुमालाची गाठ. हंडीने तुझी सावली वाढवली."

"मग काढायचा ना दोरा!"

"काढला की धनी जागच्या जागी जातो. तो दगडापाशी डोकं आपटत बसला होता, मी हाताने ओढून आणला. तुला त्याच रात्री ताप चढला. मार्गा म्हणाली, गावाच्या नदीपलीकडे नेते, बघू भिंतीचा हात तिथवर पोचतो का. नाही पोचला. तू वाचलीस." आईने किसणी खाली ठेवली. "आणि तुला नेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी वर गेले, तर ही कोपऱ्यात उभी. मला म्हणाली, 'आई, मला भूक लागलीय.'"

"ती मी नाही, आई. मी इथे आहे."

आईने तिच्याकडे नीट पाहिलं. बहुधा पहिल्यांदाच. "तू माझीच आहेस. माहीत आहे मला. पण तू आलीस ना, की मला वाटतं, कुणीतरी तुझी खुशाली सांगायला आलंय. ओरडणं, रुसणं, खिदळणं, सगळं ती ठेवून बसलीय. तुला जग मिळालं. तिला कोण आहे माझ्याशिवाय?"

 त्या घरात, त्या पोरीच्या एवढं जवळ असल्यामुळे असेल, पण नेदेल्का ओरडली. आयुष्यात पहिल्यांदा, गळ्याच्या शिरा ताणून. "आणि मला कोण होतं गं? माझ्या लग्नात मोजे पाठवलेस! मोजे! मला वाटायचं, माझ्यातच काहीतरी कमी आहे म्हणून तू येत नाहीस!"

वरून पोरही तसंच, त्याच दमात ओरडली. आणि मागच्या बाजूला धडधडत दगड कोसळले. चुलीवरची तवी घसरली, छपराची एक लादी अंगणात येऊन फुटली. नेदेल्काने आईला ओढत बाहेर आणलं. कोपऱ्यातून आणखी दोन दगड निसटले होते. फटीतून ऊब येत होती आणि पोरीचं कण्हणं. एवढंसं, दमलेलं.

"थकलीय ती," आई म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते ती पुसत नव्हती. "एवढीशी पोर आणि एवढी भिंत. इतकी वर्षं एकटीने धरलीय. भिंत पडली की ती गेली. ती गेली की..." तिने नेदेल्काच्या छातीवर बोट टेकवलं. "दोरा तुझाच आहे. हे मी तुला कधी सांगितलं नाही."

नेदेल्का भिंतीपासून एक पाऊल मागे सरली.

आईने ओच्यातून लाल लोकरीचा गुंडा काढला. तो तिच्याकडे तयारच होता. किती दिवसांपासून, कोण जाणे. "तुझा हात चांगला. कापडवाली आहेस तू. माझं माप घे."

"मी तुला न्यायला आलेय! भिंतीत घालायला नाही!"

"मग दोन्ही कर," आई म्हणाली, नेहमीच्या फटकळ आवाजात. "घाल आणि घेऊन जा. तू वाचलीस ना नदीपलीकडे? मीही वाचेन. नाही वाचले तरी माझं वय काही मरायला लहान नाही. चल, ऊन चढतंय, मी बुटकी होत चाललेय."

तिसरा दगड गेला. आत पोर किंचाळली, आणि नेदेल्काच्या छातीत जी कळ उठली तिने ती गुडघ्यांवर आली. गुडघ्यांवर आलीच होती, म्हणून तिने दोरा धरला.

आई अंगणात उभी राहिली. नेदेल्काने मान खाली घातली. समोर फक्त मातीवर पडलेली एक बारीक सावली होती, रुमालाचं टोक कानाशी हलत होतं. टाचेपाशी दोरा धरून ती सरकत गेली. कोटाची शिवण मापावी तसं, ताण न देता, ढिलं न सोडता. तिला मान वर करायची होती. एकदा वर पाहिलं असतं तर सगळं फुकट गेलं असतं, आणि आई आहे तशी, अख्खी, शिव्या देणारी, तिच्या समोर राहिली असती. भिंत किती वेळ टिकली असती, एवढाच प्रश्न होता. डोक्याच्या टोकाशी दोरा तोडताना तिला आईचा आवाज ऐकू आला. "नेदेल्का. बरणीतला मध सगळा ने हो. तो तुझाच आहे." तिने वर पाहिलं नाही. फटीत हात घातला. आत खरंच ऊब होती, आणि काहीतरी लहान, धुळीचं, तिच्या बोटांना येऊन बिलगलं आणि तिच्याकडून दोरा घेऊन गेलं.

ती किंचाळून मागे पडली. मग उठली, ओल्या मातीचे गोळे करून फटीत कोंबले, निसटलेले दगड जमतील तसे रचले. भिंत एकदा हलली, आणि दमलेली गाय बसावी तशी बसली. वर कुणीतरी खिदळलं. पाठोपाठ दुसरं कुणीतरी, जाड्या आवाजात, "हळू गं, पडशील!"

नेदेल्का वळली. आई उन्हात उभी होती, हात एकमेकांत गुंफून.

"झालं का, बाई?" आई म्हणाली. "किती मेहनत घेतलीत. चला, जायचं ना?"

गाडीत कोल्योने दोनदा मागे वळून पाहिलं. "काय गं स्तोइनाकाकू, आज शिव्या नाहीत? माझ्या गाडीला घाण म्हणाली नाहीस!"

"छान आहे गाडी," म्हातारी म्हणाली. "तुम्ही फार चांगले आहात."

कोल्यो नंतर प्लोव्दिवपर्यंत एक अक्षर बोलला नाही. उतरताना त्याने तो दोर रस्त्याकडेच्या गटारात फेकून दिला.

चाळिसावा दिवस कधीच उलटून गेला. म्हातारीला काही झालं नाही. ती नीट जेवते. दिलं ते खाते, निजवलं की निजते, कशालाही नाही म्हणत नाही. नेदेल्काने तिला मुद्दाम करपलेलं पातातनिक वाढून पाहिलं. "चवदार आहे," ती म्हणाली. एकदा नेदेल्काने तिच्या समोर पेत्कोची ती ताटली आणून फोडली. तिला फोडता आली, याचंच आधी नवल वाटलं. म्हातारीने शांतपणे वाकून तुकडे गोळा केले. "लागलं नाही ना तुम्हाला?"

मग एका दुपारी, डोंगरात पहिलं बर्फ पडल्यावर, शिनाकाकूचा फोन आला.

"अगं, तू घर कुणाला भाड्याने दिलंस?" काकू कुजबुजत होती. "भिंत तर अशी उभी आहे, जशी आज बांधली. पण आत... देवा रे. तू आईला नेलंस ना? खरंच नेलंस ना?"

"माझ्यासमोर बसलीय, काकू. चहा पितेय."

"मग हे काय आहे?"

"काकू," नेदेल्का म्हणाली, "फोन भिंतीला लाव."

खरखर झाली. बर्फात पाय रुतल्याचा आवाज, काकूचं पुटपुटणं. आणि मग, दगडांच्या पलीकडून, अगदी स्पष्ट, फटकळ, ओळखीचा आवाज. "नेदेल्काऽऽ! अगं भवाने, अनवाणी कुठे पळतेस? ये इकडे, पाय दाखव! ये म्हणते ना! ये माझ्या राणी, ये, गार पडलेत ना गं..."

"ऐकलंस?" काकू रडकुंडीला आली होती. "आता काढू का फोन? मी जाऊ का?"

"नको," नेदेल्का म्हणाली. "थोडा वेळ असाच धर."

तिने फोन कानाशी घट्ट दाबला. समोर म्हातारीने बशी पुढे सरकवली.

"बाई," ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "तुमचा चहा गार होतोय."